डॉक्टर, आलोच आहे तर...

दवाखान्यातली महत्त्वाची गोष्ट पुष्कळदा शेवटच्या अर्ध्या मिनिटात बाहेर येते. बीपी मोजून झालेलं असतं, गोळ्या लिहून झालेल्या असतात, पेशंट उठून दारापर्यंत गेलेला असतो. तिथून तो वळतो. ‘आलोच आहे तर एवढं जरा बघता का?’ एवढं म्हणजे कानाच्या कडेवरची पुन्हापुन्हा धरणारी खपली. किंवा मनगटामागचा खरखरीत, दुखरा फोड. किंवा पाठीवरचा तीळ. तो त्याला स्वतःला दिसत नाही, बायकोला दिसतो, आणि तिनंच त्याला आज इथं पिटाळलेलं असतं.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात दवाखाना चालवणाऱ्या जीपीला, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरला, हे ‘आलोच आहे तर’ हसण्यावारी नेता येत नाही. त्या देशात सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांतल्या दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो, असं तिथली कॅन्सर कौन्सिल वर्षानुवर्षं सांगत आली आहे. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे मेलानोमा. त्याचे दरवर्षी सुमारे अठरा हजार नवे रुग्ण सापडतात आणि तेराशेच्या आसपास माणसं त्यानं दगावतात. बाकीच्या दोन प्रकारांची, बेसल सेल आणि स्क्वेमस सेल कार्सिनोमाची, तर बहुतेक राज्यांतल्या कर्करोग नोंदवह्यांत नोंदच होत नाही. इतके रोगी कोण मोजणार! सरकारी आरोग्य विम्यानं, म्हणजे मेडिकेअरनं, पैसे दिलेल्या उपचारांवरून अंदाज बांधायचा. तो आकडा वर्षाला दहा लाखांच्या घरात जातो.

आणि त्वचातज्ज्ञ? ते किनाऱ्यालगतच्या मोठ्या शहरांत. क्वीन्सलँडच्या पोटातलं लाँगरीच हे गुराढोरांचं, मेंढ्यांचं गाव घ्या. तिथून ब्रिस्बेन सुमारे १२०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरच्या जवळजवळ दीडपट. कानावरची खपली दाखवायला एवढा प्रवास कोणी करत नाही. याच क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून १९२८ साली जगातली पहिली उडती डॉक्टरसेवा सुरू झाली, ती अशाच अंतरांपायी. पण विमान येतं ते छातीत कळ आल्यावर किंवा घोड्यावरून पडल्यावर. तिळासाठी विमान येत नाही. तीळ बघायचा तो गावातल्याच डॉक्टरनं.

*

हे सगळं तिथंच का, याचं उत्तर भूगोलात अर्धं आणि इतिहासात अर्धं आहे. आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड इथल्या ढगाळ आभाळाखाली तयार झालेली गोरी, तांबूस केसांची, पटकन भाजणारी कातडी जहाजातून उचलून कर्कवृत्ताच्या जुळ्या भावाखाली, मकरवृत्तावर आणून ठेवली. त्यात दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा येतो तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. हवा स्वच्छ, त्यामुळे अतिनील किरणांना अडवणारं फारसं काही नाही. लाँगरीच तर जवळजवळ त्या मकरवृत्तावरच वसलेलं आहे. ज्यांची ती मूळ भूमी, त्या आदिवासींच्या सावळ्या कातडीनं हजारो वर्षं हे ऊन पेललं. पाहुण्यांच्या कातडीला ते झेपलं नाही.

हा संबंध आकड्यांत मांडणारा पहिला महत्त्वाचा माणूस डॉक्टरकीपेक्षा संख्याशास्त्रात रमणारा होता. हेन्री ऑलिव्हर लँकेस्टर. १९५६ साली त्यानं दाखवून दिलं की युरोपीय वंशाच्या लोकांत मेलानोमानं होणारे मृत्यू विषुववृत्ताकडे सरकावं तसे वाढत जातात. आज हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या काळी ‘टॅन’ झालेली कातडी म्हणजे तब्येतीचं लक्षण मानलं जाई. १९६३ मध्ये शल्यचिकित्सक नेव्हिल डेव्हिस यांनी क्वीन्सलँड मेलानोमा प्रोजेक्ट सुरू केला आणि लोकांना, डॉक्टरांना सांगायला सुरुवात केली की बदलणारा तीळ लवकर दाखवा. १९८१ मध्ये सिड नावाचा एक कार्टूनमधला समुद्रपक्षी टीव्हीवर आला आणि त्यानं शर्ट चढवा, क्रीम चोपडा, टोपी घाला असं नाचत-गात सांगितलं. ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ हे तीन शब्द तिथं लहान पोरांच्याही तोंडी असतात. प्राथमिक शाळांत नियमच आहे, टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळणार नाही. कृत्रिम टॅन देणाऱ्या सोलॅरियमच्या धंद्यावर २०१५ च्या सुमारास बंदी आली.

या सगळ्या प्रचाराचा पाया ज्या गावानं पक्का केला ते नॅम्बूर. ब्रिस्बेनच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर. त्या काळी उसाचा पट्टा, २००३ पर्यंत चाललेला मोरेटन नावाचा साखर कारखाना आणि भर बाजारपेठेतून उसाच्या वाघिणी ओढत जाणारी छोटी रेल्वे. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला परकं वाटू नये असं गाव. १९९२ मध्ये अ‍ॅडेल ग्रीन या रोगपरिस्थितिशास्त्रज्ञ बाईंनी इथल्या १६२१ प्रौढांना एका प्रयोगात घेतलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटानं रोज सकाळी डोकं, मान, हात यांना सनस्क्रीन लावायचं. दुसऱ्यानं आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे वागायचं, वाटलं तर लावायचं, नाही तर नाही. ‘तुम्ही लावूच नका’ असं कोणाला सांगणं नीतीला धरून झालं नसतं. लोक खरंच क्रीम लावतात की बाटली कपाटात ठेवतात, हे बघायला परत आलेल्या बाटल्यांचं वजन केलं जाई. मला या सगळ्या प्रयोगात ती वजनं फार आवडतात. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, पण तागडीही जवळ ठेवायची.

साडेचार वर्षांनी हिशेब झाला. रोज लावणाऱ्या गटात स्क्वेमस सेल कार्सिनोमाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी. बेसल सेलमध्ये फरक नाही. प्रयोग संपला तरी गावावरची नजर हटवली नाही, आणि आणखी दहा वर्षांनी मेलानोमा मोजले तेव्हा रोज क्रीम लावणाऱ्या गटात ११ निघाले, दुसऱ्यात २२. आकडे लहान आहेत, त्यावर वादही झाले. पण सनस्क्रीननं मेलानोमा टळतो का, या प्रश्नाला चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगातून मिळालेलं उत्तर म्हणून जग अजूनही या उसाच्या गावाकडेच बोट दाखवतं.

*

आता दवाखान्यात परत जाऊ. ‘आलोच आहे तर’ म्हणणाऱ्याला शहाणा जीपी एवढंच सांगतो की आज कान बघतो, पण पुढच्या आठवड्यात पूर्ण अंग बघायला ये. या तपासणीला तिकडं ‘स्किन चेक’ म्हणतात. अंतर्वस्त्रांपर्यंत कपडे उतरवून, चांगल्या उजेडात, वरून खाली. केस बाजूला सारून टाळू, कानांच्या मागे, मान, पाठ, पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या, तळवे. शेतकऱ्याच्या अंगावर उन्हानं आपली हजेरी लावलेली असतेच. कपाळ टोपीखाली बरं, पण कान उघडे. गाडीच्या खिडकीला टेकवलेला उजवा हात डाव्यापेक्षा जास्त भाजलेला, कारण तिथंही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे. टोपीही कोणती, हे बघण्यासारखं असतं. रुंद काठाची जुनी अकुब्रा घालणाऱ्या म्हाताऱ्याचे कान त्याच्या बेसबॉल कॅप घालणाऱ्या पोरापेक्षा सुरक्षित.

बहुतेक खरखरीत डाग हे कर्करोगाच्या अलीकडचे, सोलर केराटोसिस. त्यांच्यावर द्रवरूप नायट्रोजनची पिचकारी मारून ते गोठवायचे, किंवा रुग्णाला काही आठवडे लावायला फ्लुरोयुरॅसिलचं मलम द्यायचं. बेसल सेल म्हणजे मोतिया झाक असलेली, बारीक रक्तवाहिन्या दिसणारी पुळी. ती सहसा पसरत नाही, पण नाकावर सोडून दिली तर नाक खाते. स्क्वेमस जाडसर, खवल्यांचा, हात लावला की दुखणारा. ओठावरचा आणि कानावरचा असेल तर डॉक्टर जास्त सावध होतो, कारण तिथून तो लसिकाग्रंथींपर्यंत जाऊ शकतो. आणि मग तीळ. एका माणसाच्या अंगावर शंभर तीळ असू शकतात. त्यातला कुठला खोटा?

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्यासाठी ए-बी-सी-डी अशी सोपी खूण बांधून दिली. दोन बाजू सारख्या नसणं, कड वेडीवाकडी असणं, रंग एकापेक्षा जास्त असणं, आकार सहा मिलिमीटरच्या वर असणं. लोकांना शिकवायला ती उत्तम. पण जीपी लवकरच शिकतो की सगळ्यात खुनशी मेलानोमा या खुणांना जुमानत नाही. तो गोल असतो, एकरंगी असतो, कधी काळा नसून गुलाबीच असतो. फक्त उंच, टणक आणि दर महिन्याला वाढणारा. १९९८ मध्ये फ्रान्सच्या ग्रोब यांनी वेगळी वाट सुचवली. एकेक तीळ मोजत बसू नका, त्या माणसाचे सगळे तीळ एकत्र बघा. प्रत्येकाच्या तिळांचं एक घराणं असतं, आणि त्या घराण्यात न बसणारा जो एक असतो, तो धरा. माझ्या मते इथंच खेड्यातल्या डॉक्टरची बाजू वरचढ ठरते. तज्ज्ञ तीळ बघतो. गावचा डॉक्टर ते घराणं दहा वर्षं ओळखत असतो, आणि बापाच्या पाठीवरून काय काढलं होतं हेही त्याच्याच कागदात असतं.

डोळ्याच्या जोडीला खिशात मावेल असं एक यंत्र असतं, डर्मॅटोस्कोप. सुमारे दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ध्रुवित प्रकाश. विहिरीत डोकावताना हाताची सावली धरली की पाण्यावरची चकाकी जाऊन आतलं दिसू लागतं, तसं हे यंत्र कातडीवरची चमक काढून टाकतं आणि खालच्या थरातली रंगाची जाळी दिसू लागते. शिकायला किती वेळ लागतो? २००६ मध्ये बार्सिलोना आणि नेपल्समधल्या ७३ सामान्य डॉक्टरांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना एका दिवसाचं प्रशिक्षण दिलं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांनी तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगे ५४ टक्के डाग ओळखले, यंत्र वापरणाऱ्यांनी ७९ टक्के. एक दिवस आणि एक भिंग. वैद्यकात इतक्या स्वस्तात इतकी सुधारणा क्वचितच मिळते.

संशय आला की बधिर करायचं इंजेक्शन, डागाभोवती दोन मिलिमीटर मोकळी कातडी सोडून अख्खा डाग कापून काढायचा, टाके घालायचे, तुकडा फॉर्मलिनच्या डबीत घालून शहरातल्या प्रयोगशाळेकडे रवाना. पुढचं सगळं एका मापावर ठरतं. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवलं की मेलानोमा किती रुंद आहे याहून तो किती खोल गेला आहे, यावर माणसाचं आयुष्य ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर पाच वर्षांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण जिवंत असतात. चार मिलिमीटर असेल तर बोलणंच वेगळं होतं. गेल्या पंधरा वर्षांत इम्युनोथेरपीनं पसरलेल्या मेलानोमातही चमत्कार म्हणावा असा फरक पडला आहे. त्या कामासाठी जॉर्जिना लाँग आणि रिचर्ड स्कॉलियर यांना २०२४ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ सन्मान मिळाला. पण ती औषधं महागडी, आणि ती शहरात. खेड्यातला तो मिलिमीटर फुकट वाचतो.

अडलं तर विचारायचं कुणाला? ग्रामीण डॉक्टरांच्या तिथल्या महाविद्यालयानं, अ‍ॅक्रमनं, २००४ पासून ‘टेली-डर्म’ ही सेवा चालवली. गावातल्या डॉक्टरनं फोटो आणि माहिती पाठवायची, ब्रिस्बेनचे त्वचातज्ज्ञ जिम म्युर उत्तर द्यायचे, आणि ते प्रकरण इतर डॉक्टरांनाही शिकायला खुलं राहायचं. म्हणजे सल्ला आणि शिकवणी एकाच टपालात.

याच्याही पुढची गोष्ट आहे. तीळ ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जे काही आज मोबाइलमध्ये, दवाखान्यात येऊ पाहतं आहे, त्यातल्या कितीतरी प्रणाली ज्या चित्रांवर शिकल्या त्या संग्रहाचं नाव हॅम-१००००. चित्रं १००१५. २०१८ मध्ये तो जगाला मोफत खुला झाला. त्यातली चित्रं दोन ठिकाणांहून आली. एक व्हिएन्नाचं नामांकित वैद्यकीय विद्यापीठ. दुसरं, क्वीन्सलँडमधल्या क्लिफ रोझेंडाल या जीपीचा दवाखाना. या गृहस्थांनी वर्षानुवर्षं प्रत्येक संशयित डागाचा फोटो काढला, पॅथॉलॉजीचा निकाल त्याला जोडला आणि सगळं साध्या पॉवरपॉइंट आणि एक्सेलच्या फायलींत रचून ठेवलं. व्हिएन्नाच्या प्राध्यापकांच्या मांडीला मांडी लावून एका फॅमिली डॉक्टरची वही बसली. फक्त एक लक्षात ठेवायला हवं: त्या दोन्ही ठिकाणी येणारी कातडी बहुतांश गोरी होती.

*

इथं आपली माणसं येतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एक नियम आहे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला मेडिकेअरचे पैसे घ्यायचे असतील तर साधारण दहा वर्षं डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात काम करावं लागतं. गाव जितकं दूरचं तितकी ही मुदत कमी होऊ शकते. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या खेड्यांतले बरेच डॉक्टर परदेशात शिकलेले आहेत आणि त्यांत भारताचा वाटा मोठा आहे. पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या कॉलेजात एमबीबीएस केलेल्या माणसानं त्वचेच्या ओपीडीत काय पाहिलेलं असतं? गजकर्ण, खरूज, कोड, सोरायसिस, कुष्ठरोगाचा फिकट बधिर चट्टा. मेलानोमा पुस्तकातल्या फोटोत. आणि मग एक दिवस समोर लालसर केसांचा, ठिपक्याठिपक्यांचा सहा फुटी मेंढपाळ उघडा बसतो आणि म्हणतो, बघा.

बघायला तो डॉक्टर नव्यानं शिकतो. गोऱ्या कातडीवर लाली केवढी बोलते, जी आपल्या रंगावर बोलत नाही. उलट सावळ्या कातडीवर काळा डाग लपतो आणि फिकट डाग ओरडतो. थॉमस फिट्झपॅट्रिकनं १९७५ मध्ये ऊन लागल्यावर कोण भाजतं आणि कोण रापतं यावरून माणसांच्या कातडीचं वर्गीकरण मांडलं, त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हा डॉक्टर विमानानं येऊन पोचलेला असतो. त्याला दोन्ही टोकं माहीत असणं ही केवढी दुर्मीळ गोष्ट आहे! तिचा उपयोग दोन्ही देशांपैकी कोणीच नीट करून घेतलेला नाही, असं मला वाटतं.

*

एवढं गुणगान झाल्यावर उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लेखाची जाहिरात होते. जितकं जास्त बघाल तितकं जास्त सापडतं, आणि सापडलेलं सगळं माणसाला मारणारं नसतं. अमेरिकेत मेलानोमाचं निदान चाळीस वर्षांत सहापट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र बराच काळ जवळजवळ जागच्या जागी राहिलं, हे गिल्बर्ट वेल्च आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. रोगाची खरी साथ असती तर मृत्यूही वाढले असते. म्हणजे वाढलेल्या आकड्यातला बराच भाग हा बघण्याचा आहे, रोगाचा नाही. जे तीळ म्हातारपणापर्यंत गप्प बसले असते त्यांना कर्करोगाचं नाव मिळालं, माणसाच्या अंगावर व्रण आणि मनात कायमची धास्ती बसली.

जर्मनीनं तर अख्ख्या देशालाच तपासलं. २००३-०४ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइन या उत्तरेच्या राज्यात वर्षभर मोहीम चालली, सुमारे ३ लाख ६० हजार लोकांची कातडी बघितली गेली. पाच वर्षांनी तिथले मेलानोमाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. उत्साहाच्या भरात २००८ पासून पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी मोफत तपासणी सुरू झाली. आठ तासांचं प्रशिक्षण घेतलेला जीपीही ती करू शकतो. पुढं काय झालं? देशभरात मृत्यूंचा आकडा तसा हलला नाही, आणि श्लेस्विग-होल्स्टाइनमधलाही पुन्हा वर चढून पूर्वीच्या जागी आला.

ऑस्ट्रेलियानं सरसकट मोहीम काढलेली नाही. ज्याला धोका जास्त त्याच्याकडे जास्त बघा, असं तिथलं धोरण. कोणाला जास्त हे ठरवायला डेव्हिड व्हाइटमन यांच्या क्यूस्किन अभ्यासानं क्वीन्सलँडच्या सुमारे ४३ हजार लोकांना प्रश्नावल्या भरायला लावल्या: केसांचा रंग, अंगावर तीळ किती, लहानपणी किती वेळा भाजलात, आधी काही कापून काढलंय का. उत्तरांवरून धोक्याचा अंदाज येतो. किती डाग कापल्यावर एक मेलानोमा सापडला, हेही जागरूक जीपी स्वतःचं स्वतः मोजतात. प्रत्येक कापलेला डाग मेलानोमाच निघाला तर तो हुशार नाही, तो बरेच सोडून देतो आहे. पन्नासात एक निघाला तर त्याचा हात सैल आहे. चांगला डॉक्टर या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असतो, आणि तिथं राहणं हेच त्याचं कसब.

*

हे वाचून आपल्याकडं काय करायचं? सनस्क्रीनच्या बाटल्या घेऊन गडचिरोलीत जायचं का? नाही. आपल्या कातडीला मेलॅनिननं जन्मजात छत्री दिलेली आहे आणि भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपासच भरतो. पण जो आहे तो उन्हाच्या जागी नाही. तो वेगळ्याच ठिकाणी बसतो, आणि कुठं ते एका मराठी माणसानं ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होते. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी भारतीय चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतराचा कर्करोग होता. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी करकचून बांधलेलं धोतर, त्याचं घासणं, घाम, काळी पडलेली कातडी, मग न भरणारी जखम, आणि त्या जखमेत स्क्वेमस कार्सिनोमा. सूर्याचा यात काडीचाही संबंध नाही. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीनं होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्याआधीच, १८६६ मध्ये एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरनं केलेली होती. भारतात कातडीचा कर्करोग शोधायचा तर माणूस काय नेसतो, काय बांधतो, कशानं शेकतो हे विचारायचं, हे खानोलकरांनी ओळखलं.

धोतरं गेली. लुगडी आहेत, परकराच्या नाड्या तर घरोघर आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात दोन बायांची हकीकत छापली. एक सत्तर वर्षांची. नऊवारीखाली घट्ट नाडीचा परकर. उजव्या कुशीवर दीड वर्षं न भरलेली जखम. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. परकर नाही, चाळीस वर्षं रोज कमरेला आवळून नेसलेलं लुगडं. जखम दोन वर्षांची, आणि तोवर रोग जांघेतल्या ग्रंथीपर्यंत पोचलेला. दोघींचाही स्क्वेमस कार्सिनोमा. अशी प्रकरणं मोजकीच आहेत, त्यांची साथ नाही. पण दीड वर्षं आणि दोन वर्षं हे आकडे मला सोडत नाहीत. एवढ्या काळात हळद लागली असेल, कुठलंसं मलम लागलं असेल. दवाखान्यातही फेरी झाली असेल कदाचित, आणि तिथं बाईनं पदर जरा सारून वरच्यावर दाखवलं असेल. ज्या जागी नाडी बसते ती जागा परक्या पुरुषासमोर उघडी करायची म्हणजे पडदा हवा, सोबत नर्स हवी, डॉक्टरला पाच मिनिटं हवीत. आपल्या गर्दीच्या ओपीडीत तिन्हींची टंचाई.

दुसरी जागा पायाचा तळवा. सावळ्या माणसाला मेलानोमा झालाच तर तो बहुधा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्लीचा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता. १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. अनवाणी शेतात वावरणाऱ्याच्या तळव्यावरचा काळा डाग म्हणजे कुरूप, काटा मोडला, ठेच लागली, अशी आधीच दहा उत्तरं तयार असतात. तिसरी जागा जुन्या भाजल्याचा व्रण. चुलीनं, स्टोव्हच्या भडक्यानं लहानपणी भाजलेल्या कातडीवर वीस-तीस वर्षांनी न भरणारी जखम होते, तिला मार्जोलिन व्रण म्हणतात. चौथी, कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळव्यावरची जुनाट जखम. तीही क्वचित कर्करोगात बदलते.

आणि गंमत बघा, याच वर्धा जिल्ह्यात मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. विदर्भात पुढं कितीतरी वर्षं सरकारी कर्मचारी घरोघर जाऊन अंगं तपासत होते. चट्टा दिसला की हलका स्पर्श करून ‘कळतंय का?’ विचारायचं, कोपराची नस चाचपायची, पायाचा तळवा उलटा करून बघायचा. खेड्यात कातडी वाचायची परंपरा आपल्याकडं क्वीन्सलँडइतकीच जुनी आहे. खुद्द खानोलकरांनी कर्करोगाच्या जोडीनं कुष्ठरोगावर संशोधन केलं होतं. २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ जाहीर झालं, ते काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळलं आणि तो सराव झालेला हात हळूहळू निवृत्त झाला.

पूर्ण मात्र नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात तोंड, स्तन यांच्या प्रश्नांबरोबर कातडीचेही प्रश्न आहेत. अंगावर बधिर चट्टा आहे का? तळहातावर किंवा तळव्यावर पुन्हापुन्हा जखम होते का? कातडीवर गाठी आहेत का? कुष्ठरोगासाठी विचारलेले हे प्रश्न तळव्यावरच्या मेलानोमालाही उपयोगी पडू शकतात, फक्त पुढं फोन-कॅमेऱ्यानं काढलेला फोटो आणि तो बघून उत्तर देणारा जिल्ह्याच्या गावचा त्वचातज्ज्ञ हवा. कमरेचा प्रश्न फॉर्मात नाही. तो विचारायला मात्र आशाताईंइतकं योग्य माणूस गावात दुसरं नाही. त्या स्वतः रोज नाडी बांधतात, आणि कुणाच्या कमरेवर काळा पट्टा पडलाय हे त्यांना पाणवठ्यावर आधीच कळलेलं असतं.